चिठ्ठीवाली लढाई

आमच्या घरातली सगळ्यांत मोठी भांडणं लढाईवरून झाली. खरी लढाई सातासमुद्रापलीकडे चालली होती. तिच्याशी आमचा संबंध एवढाच, की रॉकेल महागलं होतं आणि समोरच्या कृष्णामावशींचा वासुदेव खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला होता. आम्ही भांडायचो ते बायस्कोपातल्या लढायांवरून. कोणती सरस, कोणतीत नुसताच धूर, कोणती पुन्हा पाहण्याजोगी, यावर आमच्या स्वयंपाकघरात आमटी निवून जाईपर्यंत वाद चालत. आता माझी नातवंडं सिनेमांवरून हमरीतुमरीवर येतात तेव्हा मी गप्प ऐकते. मधे तोंड घातलं तर मग मलाच आवरायचं नाही, कारण या विषयातलं माझं वतन फार जुनं आहे.

देवासला त्या वेळी दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार आणि दोन कचेऱ्या. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटे, आम्हांला त्यात काही विशेष दिसत नसे. आमचं घर धाकट्या पातीत आणि रस्त्यापलीकडचं कृष्णामावशींचं थोरल्या पातीत, म्हणजे वाटीभर विरजण मागायला मी जायची ती परराज्यात जायची. एका पातीच्या माणसांनी 'हो' म्हटलं की दुसरीच्यांनी 'बघू' म्हणायचं, हा गावचा रिवाज होता. माझे वडील, अण्णा, धाकट्या पातीच्या दफ्तरात कामाला होते. आयुष्यभर कागदांत राहिल्यामुळे त्यांचा साक्षी-पुराव्याखेरीज कशावर विश्वास नसे. दूध मांजरानं सांडलं असं सांगितलं तरी चष्म्यावरून पाहत विचारायचे, "कोणी पाहिलं?" तो चष्माही सांगण्यासारखा होता. नाकाला बसतो म्हणून त्यांनी तो इंदूरच्या बाजारात घेतला होता, डोळ्यांना बसतो की नाही हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

मी डावरी. सुई, रांगोळीची रेघ, चेंडू, भावाला मारलेली चापट, माझं सगळं डाव्या हातानं व्हायचं. जेवताना डावा हात पुढे आला की आईचा जीव खालीवर होई. ती प्रेमळ बाई, पण रीतीपुढे तिचं काही चालत नसे. तिनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी करून ठेवली होती. मी जेवायला किंवा लिहायला बसले की ती माझं डावं मनगट त्या चिंधीनं परकराच्या नाडीला बांधायची. गाठ मात्र सैल मारायची आणि बांधून झालं की मनगटावरून एकदा हात फिरवायची. "द्वारके, सासरी डाव्या हातानं वाढलंस तर माणसं पानावरून उठतील गं," असं म्हणायची, आणि लगेच माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा पडायचा. उजव्या हातानं मी जेवायला शिकले. लिहायला काही केल्या शिकले नाही. पाटीवरची माझी अक्षरं नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसत.

शाळेत मी हुशार होते, हे या वयात सांगायला हरकत नाही. तोंडी परीक्षेत पहिला नंबर, लेखीत शेवटून पहिला. होळीच्या आधी इंदूरहून तपासनीस साहेब यायचे होते. शाळेच्या मोठ्या बाईंनी अण्णांना बोलावून स्वच्छ सांगितलं, की मुलीनं उजव्या हातानं नीट लिहिलं तर तिला परीक्षेला बसवू, नाहीतर साहेबांपुढे शाळेची शोभा नको. परीक्षेला बसले नाही तर माझी शाळा सुटणार होती. शाळा सुटली की पुढे काय, हे घरात कोणी उघड बोलत नसलं तरी धारच्या आत्यांच्या प्रत्येक पत्रात माझ्यासाठी एक स्थळ असायचंच. मला शाळा हवी होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. वर्गाच्या खिडकीतून टेकडीवर चढणारी पायवाट दिसे, आणि बाई नकाशावर काठी फिरवायला लागल्या की मला ती वाटही कुठे कुठे जाते हे बघावंसं वाटे. रोज संध्याकाळी मी उजव्या हातानं पाटी भरायची आणि रोज रडायची.

दिवाळी उरकली आणि गावाबाहेरच्या मैदानात बायस्कोपाचा तंबू लागला. मालक उज्जैनकडचा होता, सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं तंबू मुद्दाम दोन्ही पातींच्या हद्दीवर ठोकला होता, म्हणजे कोणाचंच मन मोडायला नको. तंबूच्या मधोमध मांजरपाटाचं मोठं कापड ताणलेलं असे. मशीनच्या बाजूला पुरुष बसत आणि कापडाच्या पलीकडे आम्ही बायका. पुरुषांची नजर बायकांवर पडायची नाही आणि खेळ दोघांनाही दिसेल, अशी ती सोय होती. कापड ओलं असलं की चित्र पलीकडे छान उतरे. म्हणून एक भिश्ती पखाल घेऊन उभा असायचा आणि मधेच मास्तर हाक द्यायचा, "भिया, परदो सूखी ग्यो, पाणी नाखो!" की पखालीतून फवारा उडायचा आणि पुढच्या रांगेतल्या बायका लुगडी सावरत मागे सरायच्या. मशीनचा खडखडाट, दिव्याची सुरसुर, पेटीवर वाजणारी एकच एक चाल, त्यात मास्तरचं "देखिए, यह आई जर्मन की तोप", आणि ओल्या कापडाचा वास. इतक्या वर्षांनी आजही दांडीवर ओली चादर दिसली की मला आत कुठेतरी पेटी ऐकू येते.

मास्तरकडे लढाईचे चार खेळ होते. त्यांची खरी नावं इंग्रजीत होती आणि ती कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून गावानं आपली नावं ठेवली. घोड्यांची लढाई, तोफांची लढाई, जहाजाची लढाई आणि चिठ्ठीवाली लढाई. पहिल्या तिघींत नावाप्रमाणे सगळं होतं. चौथीत मातीचा एक लांब खंदक होता आणि त्यात बसलेले शिपाई. एक जण टमरेलात पाणी घेऊन दाढी करतोय, एक पायमोजे पिळतोय, आणि एक उंच, मिशीवाला शिपाई खोक्यावर बसून गुडघ्यावर कागद घेऊन पत्र लिहितोय. लिहितो, थांबतो, पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो, वर बघतो आणि हसतो. मग कोणीतरी शिट्टी वाजवतं. सगळे बंदुका घेऊन मातीच्या ढिगावर चढतात आणि पलीकडे जातात. तो अर्धवट कागद खोक्यावर तसाच राहतो आणि खेळ संपतो. तो मिशीवाला परत आला की नाही, ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

या चारांपैकी सर्वांत चांगली कोणती, हा आमच्या घरातला वाद. माझा थोरला भाऊ नाना, वय सोळा, घोड्यांच्या बाजूचा. घोडे नदीत उडी घेतात त्या वेळी तो इतका ओरडायचा, की कापडापलीकडून आम्हांला त्याचा आवाज ओळखू यायचा. अण्णा तोफांच्या बाजूचे, कारण तोफ म्हणजे शिस्त, तोफ म्हणजे मोजमाप. चिठ्ठीवालीचं नाव निघालं की नाना हसायचा. म्हणायचा, "त्यात लढाई कुठं आहे? एक माणूस बसून पत्र लिहितो."

आई ताटात गराडू, आमच्या माळव्यातल्या कंदाच्या गरम तळलेल्या फोडी, वाढता वाढता म्हणाली, "मग लढाईत माणसं दुसरं काय करत असतील? तोफ काय चोवीस तास उडते? उरलेला वेळ ती बसूनच असणार. वासुदेवही असाच कुठंतरी बसला असेल." त्यावर नानानं आणखी गराडू मागून घेतले.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की खेळातले सगळे साहेब डावरे होते. सलाम करत तो डाव्या हातानं, बंदुकीचा चाप ओढत तो डाव्या हातानं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पण चिठ्ठीवाल्या लढाईत त्या मिशीवाल्यानं पेन्सिल डाव्या हातात धरली आणि भराभर लिहायला लागला, तेव्हा मी आईला कोपरानं ढोसलं. आईनं पाहिलं. आईनं कृष्णामावशींना दाखवलं, मावशींनी शेजारणीला, आणि घटकाभरात आमच्या बाजूच्या पन्नास बायकांत कुजबुज झाली, की विलायतेत सगळे डाव्याच हातानं लिहितात. मावशींनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खेळ संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर मी हे सांगितलं तर नाना म्हणाला, साफ खोटं, सगळे उजव्या हातानं लिहितात, मी समोर बसून पाहिलं. आई म्हणाली, आम्ही काय डोळे मिटून बसलो होतो? घोडे कुठे गेले, यावर आमचं भांडण नव्हतं. घोडे टेकडीच्या अंगाला गेले हे त्यानंही पाहिलं होतं आणि आम्हीही. तोफांची तोंडं तळ्याकडे, हेही दोघांना मान्य. मग एका हातापुरतंच याला किंवा आम्हांला चुकीचं कसं दिसेल? घोड्यांमुळे सगळा घोटाळा झाला. नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात खरं कारण आलं असतं. पुरुषांनी बायकांच्या बाजूला येऊन पाहावं किंवा बायकांनी पुरुषांच्या बाजूला जाऊन बसावं, हे तर कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. अण्णांना विचारलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मी तोफांकडे पाहत होतो, हातांबद्दल शपथेवर काही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाटी घेऊन बसले आणि मनगट पुढे केलं. आईनं चिंधी आणलीच नाही. म्हणाली, जेवण उजव्यानंच, त्यात बदल नाही, पण लिहिणं राजाची फौज लिहिते तसं लिही. मी पाटी बाजूला ठेवली आणि नानाच्या वहीतला एक कागद मागून घेतला. त्या मिशीवाल्याकडे मी आदल्या रात्री टक लावून पाहिलं होतं. तो कागद सरळ ठेवत नसे. कागदाचं डोकं उजवीकडे कलतं करायचा आणि हात ओळीच्या खालून चालवायचा. आम्हांला शाळेत कागद सरळ पुढ्यात ठेवायला शिकवत. त्यामुळे मी कधी चोरून डाव्यानं लिहिलं तरी हात शाईवरून फिरून सगळं काळं होई. त्या संध्याकाळी मी कागद त्याच्यासारखा कलता केला. शाई फासली नाही. अक्षरं एकामागून एक उभी राहिली, आणि ती माझी होती यावर माझाच विश्वास बसेना. मी आईला हाक मारली. आई पिठाच्या हातानं आली, बघत राहिली, आणि म्हणाली, "हे कृष्णाबाईंना दाखवून ये."

मावशींनी कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दौत घेऊन आल्या. वासुदेवाला पत्र लिहायचं तर त्यांना कोणाची तरी मनधरणी करावी लागे. लिहिणारा घाईत असे आणि मनातलं सगळं सांगायची त्यांना चोरी वाटे. माझ्यापाशी त्यांना चोरी वाटली नाही. गाय व्यायली, चुलत्यांनी वाटणीवरून पुन्हा बोलणं काढलं, तुझी घोंगडी उन्हात घातली, इतकं बारीकसारीक त्या सांगत आणि मी लिहीत जाई. आई जवळच बसून हरभरे सोलत असायची. तिचं लक्ष माझ्या हाताकडे असायचं.

तंबू हलायच्या दोन दिवस आधी मास्तरनं दवंडी दिली, की उद्या पब्लिकची फर्माईश, लोक सांगतील ती लढाई पुन्हा दाखवू. धाकट्या पातीच्या मंडळींनी तोफा मागितल्या, म्हणून थोरल्या पातीच्या मंडळींनी घोडे मागितले. संध्याकाळपर्यंत प्रकरण हातघाईवर आलं. मास्तर बिचारा दोन राज्यांच्या मधे सापडला. शेवटी त्यानं हात जोडून जाहीर केलं, "भिया, मैं तो परदेसी आदमी हूँ. जो माँ-बहनें कहेंगी, वही चलेगा." बायकांत दोन पाती नव्हत्या. आमच्या बाजूनं एकच आवाज गेला, चिठ्ठीवाली. त्या दिवशी कृष्णामावशी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. कागद खोक्यावर राहिला तशा त्या हळूच म्हणाल्या, "येईल तो. पत्र अर्धं टाकून कोण जातं?"

पौषात मोठ्या बाईंचा पुन्हा निरोप आला, मुलीचं काय ठरलं? अण्णांनी माझे डाव्या हाताचे कागद पाहिले होते. त्यांना ते आवडले होते, हे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळलं. पण बाईंना सांगायला काहीतरी आधार हवा. नाना शपथेवर एक सांगतो आणि बायका एकमुखानं दुसरं. आई आणि मी संक्रांतीनंतर धारला जाणार होतो, आत्यांच्या लेकीचं, आमच्या अक्काचं, डोहाळेजेवण होतं. आणि तंबूही धारलाच गेल्याचं अण्णांच्या कानावर होतं. त्यांनी आईला सांगितलं, की तिथं तो खेळ दोघींनी नीट पाहून या. शिपाई डाव्या हातानं लिहीत असेल तर मी स्वतः बाईंना चिठ्ठी देईन, की मुलीला तसंच लिहू द्यावं. उजव्यानं लिहीत असेल तर चिंधी पुन्हा बांधायची, आणि उजवा हात चालला नाही तर शाळा संपली. आईनं मान डोलावली. मी तर आनंदात होते. तो शिपाई डावरा आहे याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

इंदूरपर्यंत टांगा आणि पुढे बैलांची दमणी. धारला पोचेपर्यंत अंग खिळखिळं झालं. आत्यांनी बाफल्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवायच्या कणकेच्या गोळ्यांचा, घाट घातला होता. गोवऱ्यांचा धूर, तुपाचा वास आणि अक्काभोवती बायकांची चेष्टामस्करी, सगळं घर भरून गेलं होतं. आत्यांनी माझ्यासाठी पाहिलेल्या स्थळाची माहिती आईला दोनदा सांगितली. आईनं दोनदा विषय बदलला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही बायस्कोप पाहायला गेलो. इथे तंबू नव्हता. मास्तरनं एका धर्मशाळेच्या चौकात जागा घेतली होती आणि कापड सरळ पांढऱ्या भिंतीवर ठोकलं होतं. भिंतीमागे बसायला जागाच नाही, म्हणून बायकांना पुरुषांच्याच बाजूला, एका कडेला, बांबूच्या चिकाआड बसवलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट इथून चित्र जास्त लख्ख दिसत होतं.

चिठ्ठीवाली लागली. दाढी करणारा आला, मोजे पिळणारा आला. मग माझा मिशीवाला खोक्यावर बसला, गुडघ्यावर कागद घेतला आणि उजव्या हातानं लिहायला लागला.

मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. शिट्टी झाली, शिपायांनी डोक्याला हात लावून सलाम केला, उजव्या हातानं. मला पुढचं काही दिसेना. त्या माणसानं मला फसवलं असं वाटलं, आणि इतका राग आला, की तो परत येऊच नये असंही क्षणभर मनात आलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परसात उन्हाला बसून अक्काच्या बाळासाठी कुंची भरत होती. पातळ मलमलीवर कोयऱ्या. मी शेजारी जाऊन बसले. तिनं कुंची माझ्यासमोर धरली. कोयरीचं टोक डावीकडे वळलेलं होतं. मग तिनं कापड उलटं केलं, आणि तीच कोयरी उजवीकडे वळली.

"आपण देवासला कापडाच्या मागं बसलो होतो," आई म्हणाली. "तो पहिल्यापासून उजवाच आहे."

मी डावं मनगट पुढे केलं आणि म्हटलं, बांध चिंधी. मला रडायचं नव्हतं, पण रडायला आलंच. आईनं सुई कापडात टोचून ठेवली आणि माझं मनगट हातात घेतलं. म्हणाली, "वासुदेवाला तुझ्या हातची पाच पत्रं गेली. ती उलटी होती का?" मी नाही म्हणून मान हलवली. "तो लिहीत असेल उजव्यानं. तू त्याचं पाहून डाव्यानं शिकलीस ना? मग झालं." एवढं बोलून तिनं पुन्हा सुई उचलली.

परतीच्या वाटेवर मी धास्तावलेली होते. अण्णांना काय सांगणार हे आईला विचारायचा धीर होत नव्हता. माझी आई शेजारणीला 'साखर संपली' असंसुद्धा खोटं सांगायची नाही. घरात साखर असली की ती द्यायचीच, मग आम्हांला बिनसाखरेचं दूध प्यावं लागलं तरी चालेल. अशा बाईकडून मला कसली आशा? दमणीच्या खडखडाटात मी उजव्या हाताच्या बोटांनी मांडीवर अक्षरं गिरवत होते. तीही वाकडी येत होती.

देवासला पोचलो तेव्हा अण्णा कचेरीतून आलेलेच होते. पाय धुवायला पाणी, चहा, आत्यांची खुशाली, सगळं झालं. मग ते बैठकीवर बसले, पुढे उतरता डेस्क ओढलं आणि आईला म्हणाले, "तो खेळ पाहिलात?"

"पाहिला."

"दोघींनी?"

"दोघींनी."

"मग? कोणत्या हातानं लिहितो तो?"

आई माझ्या शालीची घडी करत होती. घडी पुरी झाली, तिनं ती खुंटीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "डाव्या."

नाना ताडकन उठला, "कसं शक्य आहे?" अण्णांनी हात वर करून त्याला बसवलं. "नाना, तू साक्षीदार नाहीस, पक्षकार आहेस." मग पुन्हा आईकडे वळून म्हणाले, "नक्की?"

आईनं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. एरवी ती तसं पाहत नसे. म्हणाली, "संशय असला तर एकदा बायकांच्या बाजूला येऊन बसा, म्हणजे तुम्हांलाही दिसेल."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग टाक उचलून मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मला पाठ होती. बादशाही फौजेत डाव्या हाताने लिहिण्याची चाल असल्याचे विश्वासू साक्षीवरून समजते, सबब चि. द्वारकेस त्याप्रमाणे लिहू देण्यास हरकत नसावी, असा मजकूर होता. बाईंनी तो दोनदा वाचला. फौजेच्या विरुद्ध जायची त्यांची तयारी नव्हती.

तपासनीस साहेब परीक्षेच्या वेळी बाकांमधून फिरत माझ्यापाशी थांबले. माझा कागद कलता, हात डावा. बाईंनी मान खाली घातली. साहेबांनी कागद उचलला, उभ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि जसा कलता होता तसाच पुन्हा माझ्यापुढे ठेवून पुढे गेले. मी पास झाले. फाल्गुनात वासुदेवाचं पत्र आलं, तो बरा होता. त्यानं लिहिलं होतं, की आईची पत्रं या खेपेला मला स्वतःला वाचता आली, कोणाकडे न्यावी लागली नाहीत, ज्यानं लिहिली त्याला माझा नमस्कार सांगा. कृष्णामावशींनी ती ओळ माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतली, की कागद घडीवर फाटला. पुढे मी धारलाच मुलींच्या शाळेत शिकवलं. दर दोन-तीन वर्षांनी एखादी पोर एक हात परकराखाली लपवून बसलेली दिसायची. मी जाऊन फक्त तिचा कागद कलता करायची.

पुष्कळ वर्षांनी, अण्णा नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मी त्यांना आणि आईला इंदूरला एका टॉकीजमध्ये घेऊन गेले. तेव्हा पुन्हा एक महायुद्ध चाललं होतं, आणि मुख्य सिनेमाच्या आधी लढाईची चित्रं दाखवत. आता बायका-पुरुष शेजारी शेजारी बसत. अण्णा मधे, मी आणि आई दोन बाजूंना. पडद्यावर एक शिपाई मोटारीच्या टपाला टेकून पत्र लिहू लागला. अण्णा थोडे पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "का हो, हा उजव्या हातानं लिहितोय."

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती लढाई वेगळी होती."

 अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, "खरं आहे. आणि तेव्हा माझा हा चष्माही फार सोयीचा होता."